किल्ला हुंड्यात गेला तेव्हा: संक्रांतीतलं सोलापूर

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला एकदा तरी जायचंच हे मैत्रिणीचं नि माझं कधीपासून चाललं होतं, आणि तिची मावशी सोलापुरात उत्तर कसब्याजवळच राहते, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. मला खरं तर जत्रेपेक्षा किल्ला बघायचा होता. चांदबिबीवर गेलं वर्षभर जे मिळेल ते वाचत होते आणि त्यात सोलापूरच्या किल्ल्याचं नाव सारखं येत होतं. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली आणि रात्री दहाच्या आसपास मावशींच्या घरी पोचलो. गरम कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. झोपलो.

पहिला दिवस, 12 जानेवारी

ज्या गाडीने आलो तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्यांचाच आज स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सकाळी चार हुतात्मा चौकात गेलो तेव्हा पुतळ्यांना हार घालायला माणसं येतजात होती, शाळेची मुलं रांगेत उभी होती, थंडी बरी होती आणि ऊन कोवळं.

1930 चं सोलापूर म्हणजे गिरणी कामगारांचं गाव. जुनी गिरणी 1877 ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच भोंग्यावर कामाला निघायची. इथल्या नगरपालिकेने त्या एप्रिलमध्ये इमारतीवर तिरंगा लावला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं, 8 मे ला गोळीबारात शंकर शिवदारे गेले, काही दिवस तर सरकारी अंमल जणू नव्हताच, आणि 12 मे पासून मार्शल लॉ. गांधी टोपी घातली म्हणून लोकांना पकडत होते. चौघांची नावं सलग वाचली की त्या वेळचं अख्खं गाव समोर येतं, लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान, सगळे एका फाशीच्या हुकुमात.

तिथे एक आजी नातवाला नावं वाचून दाखवत होत्या. त्यांच्या सासूबाई मार्शल लॉ मधल्या, दार लावून चुलीजवळ बसायच्या म्हणे, मिलिटरीची गाडी गेली की पोरांची तोंडं दाबायच्या. "कुणी लिहून ठेवलं नाही बघा ते," असं म्हणाल्या आणि नातवाला घेऊन निघून गेल्या. माझ्या डोक्यात दिवसभर तेच.

दुपारी भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघितलं, त्यांचं जन्मघर. 1910 चा जन्म, 1938 ला भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले, वय अवघं 32. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान तिथे नर्सिंगचं काम करायच्या, नवरा गेला तेव्हा मूल काही महिन्यांचं होतं, पुढे 2012 पर्यंत जगल्या आणि भारतातही येऊन गेल्या. सत्तर वर्षं त्या बाईंनी दोन देशांमधला धागा धरून ठेवला. स्मारकात जाल तर त्यांच्या फोटोंपाशीही थांबा.

दुसरा दिवस, भोगी

मावशी पहाटे चारला उठलेल्या, कारण नळाला पाणी येणार होतं. सोलापुरात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा बॅरल, घागरी, पातेली, जे असेल ते भरून घ्यायचं. गल्लीतल्या सगळ्या बायका जाग्या होत्या, एकमेकींना हाका मारून पाइप देत-घेत होत्या. शंभर किलोमीटरवर उजनीचं एवढं मोठं धरण आणि शहराचं वेळापत्रक मात्र बायकांच्या झोपेतून काढलेलं. आम्हीही बादल्या उचलल्या. (टीप: जत्रेत कुणाच्या घरी राहणार असाल तर पाणी जपून वापरा, अंघोळ एका बादलीत.)

उन्हं यायच्या आत किल्ल्यावर. भुईकोट आहे, चढण नाही, दुहेरी तटबंदी, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी बाजूंना खंदक. बांधकाम बहामनी काळातलं, आत बत्तीस खांबांची जुनी मशीद, जुन्या देवळाचे अवशेष, बाग, आणि बागेत अभ्यास करणारी कॉलेजची मुलं. तटावर उभं राहिलं की तळ्याच्या मध्यात सिद्धेश्वराचं देऊळ दिसतं.

आता ज्यासाठी आले ते. सोळाव्या शतकात विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या मध्ये हा किल्ला, आणि दोघांना तो हवा. 1524 मध्ये आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, लग्न इथे सोलापुरातच झालं, आणि हा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं. लग्न झालं, किल्ला काही दिला नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत लढाया सुरू झाल्या त्या पुढची कित्येक वर्षं थांबल्या नाहीत. मरियमच्या माहेरची माणसं आणि सासरची माणसं एकमेकांना कापत होती आणि कारण काय तर तिच्या लग्नातलं देणंघेणं! तिला काय वाटलं असेल हे एकाही बखरकाराला विचारावंसं वाटलं नाही.

मग चाळीस वर्षांनी, विजयनगरविरुद्ध सगळ्यांनी एक व्हायचं ठरलं तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर या वेळी खरंच सोलापूरचा किल्ला दिला. 1565 मध्ये तालीकोटची लढाई झाली ती या सोयरिकीच्या जोरावर. म्हणजे मी ज्या तटावर उभी होते तो तट एका मुलीच्या लग्नाच्या यादीत होता.

आणि तीच मुलगी पुढे काय करते बघा. 1580 मध्ये नवरा मारला गेला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या, कारभार हिच्या हातात. एका सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं, त्यातून सुटून ती परत कारभारात आली. नंतर माहेरी, अहमदनगरला. 1595 च्या शेवटी अकबराच्या मुलाने, मुरादने वेढा घातला, सुरुंगाने तट पाडला, तर ही तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. शेवटी वऱ्हाड देऊन तह केला पण नगर वाचवलं. 1600 मध्ये पुन्हा मुघल आले, तेव्हा ही फितूर झाली अशी आवई उठवून तिच्याच माणसांनी तिला मारलं. पुरुष सुलतानांनी याहून वाईट तह केले, त्यांना कुणी महालात घुसून मारलं नाही.

तिच्या आईचं, खुंझा हुमायूनचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हुसेन गेल्यावर मुलगा लहान म्हणून ती राज्य चालवत होती. त्या काळात लिहिलेलं एक पर्शियन हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, त्यातल्या चित्रांत ती नवऱ्याशेजारी सिंहासनावर बसलेली होती. मुलाने तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकलं आणि नंतर त्या चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली. चित्रात शहा आहे, दासी आहेत, झाडं आहेत, आणि त्याच्या शेजारी एक पुसट डाग आहे.

किल्ल्यात बाळंतिणीची विहीर पण दाखवतात. बुरूज उभा राहीना म्हणून एका बाळंतिणीचा तिच्या लेकरासकट बळी दिला अशी गोष्ट सांगतात. अशी गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच किल्ल्यांची असते, पण मरियम आणि चांदबिबीचं डोक्यात असताना ती ऐकली की पाय जड होतात. आम्ही थोडा वेळ तिथेच बसलो.

दुपारी भोगीचं जेवण: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-हरभरा-पावटा-बोरं घातलेली भोगीची भाजी, लोणी, दही. एवढं चांगलं मी वर्षभरात जेवले नव्हते. संध्याकाळी रस्त्यात नंदीध्वज दिसले. सात उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतात, ज्यांची ही जत्रा त्या सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांना तेलाचा अभिषेक करत शहरभर फिरतात. वेगवेगळ्या समाजांकडे वेगवेगळ्या ध्वजाचा मान आहे, मातंग समाजाकडेही.

तिसरा दिवस, अक्षता

(टीप आधीच देते. सम्मती कट्ट्याजवळ, म्हणजे जिथे अक्षता पडतात तिथे, जागा हवी तर सकाळी दहा-अकरापर्यंत पोचा. गाडी लांब लावा, रस्ते बंद असतात. टोपी, पाणी घ्या, जानेवारी असला तरी दुपारचं ऊन लागतं. हॉटेलात राहणार असाल तर महिनाभर आधी बुकिंग करा.)

सिद्धराम म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले शिवशरण, बसवण्णांच्या चळवळीतले शिवभक्त संत. तळं खोदलं, लिंगं स्थापली, आणि अल्लमप्रभूंबरोबर बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत गेले. त्यांच्या कथेत एक कुंभाराची मुलगी आहे, रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची, हट्ट धरून बसली की लग्न करीन तर तुमच्याशीच. सिद्धराम म्हणाले मी तर शिवाला वाहिलेला, तू माझ्या योगदंडाशी लग्न कर. त्या लग्नाच्या अक्षता दरवर्षी संक्रांतीच्या दिवसांत पडतात, आणि दुसऱ्या दिवशी होमात ती अग्निप्रवेश करते.

गर्दी विचारू नका. कर्नाटकातून, आंध्रातून, तेलंगणातून माणसं आलेली. सम्मतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन सुरू झालं तशी सगळीकडे शांतता, आणि मग "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणत चारी बाजूंनी अक्षता. माझ्या शेजारी एक बाई डोळे मिटून रडत होती. हातातल्या तांदळाचे शेवटचे दाणे तिने माझ्या हातात दिले आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, मी टाकले.

पण त्या मुलीला नाव नाही. इतकी शतकं अख्खं शहर हिच्या लग्नाला येतंय, आणि ती फक्त कुंभारकन्या. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी स्वतः अक्षता टाकल्या, पण हे मला टोचलं. कारण त्याच शरणांच्या चळवळीत ज्या बायकांनी स्वतः वचनं रचली त्यांची नावं आजपर्यंत टिकलीत. अक्का महादेवी तर सगळ्यांना ठाऊक, पण आयदक्की लक्कम्मा बघा. नवरा गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून घरी घेऊन आला तर ही त्याला म्हणाली, परत ठेवून ये. जी बोलली आणि जिचं बोलणं कुणीतरी उतरवून घेतलं ती राहिली, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी मावशींकडे हळदीकुंकू. मावशींचे यजमान कोरोनात गेले. पहिल्या वर्षी त्यांना गल्लीतल्या कुणी वाण द्यायला बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच घरी ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं, सवाष्ण असो, विधवा असो, लग्न न झालेली असो. चार जणी आल्या होत्या तेव्हा. आज घरात बायका मावत नव्हत्या.

या बदलामागे सोलापूर जिल्ह्याचा हात आहे हे किती जणांना माहितीय? 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ती कल्पना लावून धरली होती करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने, आणि करमाळा सोलापूर जिल्ह्यातलं. पंधरवड्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. मावशींनी त्याची पेपरातली बातमी कापून देवघराच्या कपाटात ठेवलीय. मला कुंकू लावताना म्हणाल्या, "मलाबी लाव की गं." मी लावलं. बोलायला काही सुचलं नाही.

चौथा दिवस, माचणूर आणि मंगळवेढा

भाड्याची गाडी केली. मंगळवेढ्याच्या रस्त्याला माचणूर लागतं, भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, दगडी घाट, आणि शेजारी किल्ला. सकाळी नदीवर धुकं होतं आणि घाटावर आमच्याशिवाय एक धुणं धुणारी बाई, बस्स. इतकं शांत ठिकाण आहे की तुम्ही गेलात तर दोन तास तरी ठेवा.

इथे, ब्रह्मपुरीला, 1695 ते 1699 औरंगजेबाची मुख्य छावणी होती. छावणी म्हणजे तंबूंचं शहरच. आणि त्या शहरात येसूबाई होत्या. 1689 मध्ये रायगड पडल्यावर संभाजीराजांची राणी आणि छोटे शाहूराजे मुघलांच्या ताब्यात गेले आणि छावणीबरोबर फिरत राहिले. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा त्यांच्याकडे लक्ष द्यायची, मायेने वागायची. मला घाटावर बसून सारखं वाटत होतं, एकाच काठावर या दोघी बायका, एकीच्या बापाने दुसरीच्या नवऱ्याला मारलेलं, आणि दोघींच्या मध्ये एक मूल. आणि त्याच सुमाराला इकडे ताराबाई तयार होत होत्या. 1700 मध्ये राजाराममहाराज गेल्यावर त्यांनी सात वर्षं औरंगजेबाला दख्खनभर पळवलं. ताराबाईंच्या पराक्रमाबद्दल आपण बोलतो आणि बोलायलाच हवं. येसूबाईंनी जवळजवळ तीस वर्षं कैद काढली, 1719 मध्ये साताऱ्याला परत आल्या. रायगड वेढ्यात असताना राजारामांनी बाहेर पडावं, मी मुलासह इथे राहते, हा निर्णय त्यांचा. राज्य वाचलं ते त्या निर्णयानेसुद्धा. याला आपण राजकारण का म्हणत नाही?

मंगळवेढ्याला पोचेपर्यंत भूक लागलेली. दोन्ही बाजूंना ज्वारी, मालदांडी, कणसं भरलेली. एका वस्तीवर हुरडा चालला होता, पैसे विचारले तर त्या काकांनी हात जोडले, "बसा की ओ, खावा आदी." गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, दही. काकूंनी सोबत पिशवीभर बोरं दिली.

गाव दामाजीपंतांचं, दुष्काळात धान्याची कोठारं उघडली ते. पण मी इथे सोयराबाई आणि कान्होपात्रेसाठी आले होते. चोखोबा इथलेच, गावकुसाचं काम करताना अंगावर भिंत पडून 1338 मध्ये गेले. त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, दोघी अभंग रचायच्या. सोयराबाईंनी सरळ विचारलंय की विटाळाशिवाय जन्मलेला देह जगात आहे का, मग सोवळा कोण? महार समाजातली बाई, चौदाव्या शतकात, हे विचारते! कान्होपात्रा गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तर गेली नाही, पंढरपूर गाठलं आणि विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. आजही देवळात तिच्या नावाचं तरटीचं झाड आहे.

परत येईतो अंधार पडला. होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून होमात दिली, ती कुंभारकन्या. गर्दीत मागे उभं राहून बघितलं.

पाचवा दिवस, कुंभारी

अक्कलकोट रोडला कुंभारी. मावशींच्या ओळखीच्या एक तेलुगू अक्का तिथे गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतात. विडी कामगार बायकांची वसाहत आहे ही, सुमारे 10,000 घरं, कम्युनिस्ट नेते आडम मास्तर आणि त्यांच्या युनियनने वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली, 1 सप्टेंबर 2006 ला पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते बायकांना दिली. शेजारी रे नगर उभं राहिलंय, तिथली पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींनी दिली. दोन पंतप्रधान आले पण मोर्च्यात उन्हातान्हात बसल्या त्या याच. आणि वसाहतीला नाव कुणाचं, तर 1945 मध्ये तलासरीकडे वारल्यांचा उठाव उभा करणाऱ्या गोदावरी परुळेकरांचं.

अक्का बोलताना हात थांबवत नाहीत. रात्री भिजवलेला तेंदूपत्ता, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचा, सुपातली तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा. हजार विड्या भरेपर्यंत दिवस जातो, आणि कारखान्यात दिल्यावर त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत, आधारच्या मशीनवर ठसा उमटत नाही. तंबाखूने खोकला आहेच. नऊ वर्षांच्या असल्यापासून वळतायत.

चहा दिला, आणि मग उठून ट्रंकेतून घराचे कागद काढून दाखवले. "माझ्या नावावर हाय," म्हणाल्या. नवरा दारू पिऊन एकदा बाहेर हो म्हणाला होता, तेव्हा यांनी हेच कागद दाखवले, बाहेर तू हो. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

मग मलाच विचारलं, "तुमचं घर कुणाच्या नावावर?" दोघांच्या, मी म्हटलं. "पैलं नाव कुणाचं?"

त्यांचं.

"बदलून घ्या," म्हणाल्या, आणि पुढची विडी हातात घेतली.

(टीप: वसाहत हे बघायचं ठिकाण नाही, लोकांची घरं आहेत. ओळखीनेच जा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.)

परतीच्या आधी नवी पेठेतून शेंगाची चटणी, कडक भाकऱ्या आणि दोन चादरी घेतल्या. चादर घेताना जीआय टॅगचं बघून घ्या, नकली खूप आहेत.

अक्कलकोट वेळेअभावी राहिलं. स्वामींचं दर्शन आणि अन्नछत्रातला प्रसाद आहेच, पण मला तिथे वीरूबाईंसाठी जायचंय. माचणूरच्या छावणीत वाढलेले तेच शाहूमहाराज पुढे साताऱ्याला राज्य करू लागले तेव्हा त्यांच्या वाड्यात वीरूबाईंचा शब्द चालायचा. अक्कलकोट संस्थानचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले यांना त्यांनी मुलासारखं वाढवलं. ते मूळचे पारदच्या पाटलाचे, बाप लढाईत पडला तेव्हा आईने लेकरू शाहूंच्या पायांवर घातलं होतं. संस्थानचं शस्त्रागारही बघण्यासारखं आहे म्हणतात. सोलापूरहून एसटी सारखी असते, तासाभराचा रस्ता. मावशींना सांगून ठेवलंय, त्या पण येणार आहेत.